भिंगरी येणार नाही

५ मे

टिल्लू,

आधी बस. तू सगळं उभ्याउभ्या वाचतोस, अर्धं वाचतोस आणि उरलेलं मनानेच भरतोस. हे बसून वाच, शेवटपर्यंत वाच. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, "ताई, मुद्द्यावर ये" म्हणून मध्येच तोडतोस, म्हणून कागद घेतला. कागद फाडता येतो, पण बोलताना त्याला गप्प करता येत नाही. फाडलास तर दुसरा पाठवीन.

मुद्दा हवा ना? घे. तुझी लेक तुझ्या त्या निवासी क्रीडा केंद्रात येणार नाही. एक जूनला नवी तुकडी सुरू होते, एकतीसला तू तिला न्यायला येणार, तिच्यासाठी खाट राखून ठेवली आहेस, सगळं कळलं. ती खाट दुसऱ्या कुणाला तरी दे.

चिडलास ना? चीड. सहा फुटी कोच झालास म्हणून मी घाबरत नाही. तुझं नाक मी पुसलंय.

तिला माझ्याकडे सोडताना तू दारातच तिचं आरोपपत्र वाचलंस, ते माझ्या अजून कानात आहे. अकराला उठते. नाश्ता करत नाही. दिवसभर मोबाईल. पाण्याऐवजी बाटलीतलं गोड पेय. व्यायाम शून्य. दप्तरात सिगारेट सापडली. "ताई, सुट्टीभर तुझ्या लाँड्रीत घाम गाळू दे, मग मी सरळ करतो." अरे, मुलगी आहे की चुरगळलेली चादर? आणि ती बिचारी मागे उभी, आपल्याच पायांकडे बघत. वहिनी असती तर तुझी अशी हिंमत झाली असती का? भिंगरी दोन वर्षांची असताना ती गेली, त्यानंतर एकट्याने पोर वाढवलीस, ते मी कधी नाकारलं नाही. पण वाढवलीस म्हणजे ती कळली असं नाही.

आरोप खोटे नाहीत, हे आधीच सांगते. उलट तुला माहीत नसलेले दोन माझ्याकडून घे. जिना चढायला लागू नये म्हणून ती तहान लागली तरी दुकानातून वर घरात पाणी प्यायला येत नाही. आणि रस्त्याने चालताना इतकी हळू चालते की माझ्या गुडघ्यांनाही तिची वाट बघावी लागते. मी काही आंधळी नाही.

पहिल्या आठवड्यात मीही तुझंच शस्त्र उपसलं. शेवटी बहीण तुझीच. तिचा मोबाईल काढून घेतला आणि दुकानाच्या कपाटात कुलपात टाकला. म्हटलं, दोन दिवस तडफडेल, मग येईल ताळ्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली ती डोळे तांबारलेले, ओठ सुकलेले, आणि दातांच्या दवाखान्याचे पांढरे कोट इस्त्री करताना हात असे थरथरत होते की एका कोटाचा खिसाच जाळला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "आत्या, शांत झालं की मला माझंच काळीज ऐकू येतं. मोबाईलवर कुणीतरी बोलत असलं की नाही येत. मला झोप लागण्यापुरता तरी दे."

दिला परत. तू म्हणशील ताई विरघळली. विरघळले नाही रे, मला प्रश्न पडला. सोळा वर्षांच्या पोरीला स्वतःच्या काळजाचा आवाज नको का झालाय? हा प्रश्न तुला कधी पडला का? तू फक्त सवयी मोजतोस. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळी लंगडते का म्हणून खाली उतरून बघायचं नाही.

ताई

१३ मे

टिल्लू,

तुझं उत्तर मिळालं. एका ओळीचा मेसेज: "लाडावून ठेवू नकोस, तारीख ठरलेली आहे." वा! माझी तीन पानं आणि तुझी एक ओळ. ठीक आहे, मी पुन्हा लिहिते. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची सवय मला पहिल्यापासून आहे.

आता जे सांगते ते नीट ऐक, आणि घाबरू नकोस, भिंगरी ठीक आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी मी वर घरात जेवत होते. खाली ती एकटी होती. ड्रायरच्या जाळीत कपड्यांचा भुगा साठतो, तो काढायचा राहिला होता, आणि आतून धूर यायला लागला. पोरीने काय करावं? पळाली. दोन मजले जिना पळत चढून आली आणि दार बडवलं. मी खाली धावले, मेन स्विच बंद केला, चार टॉवेल करपले, तेवढ्यावर निभावलं. वळून बघते तर ही बाई मागे आलेलीच नाही. जिन्यात बसलीय, कठडा घट्ट धरून, ओठ पांढरेफटक, बोटं गार. म्हणते, "आत्या, मी मरतेय. खरंच मरतेय."

मी हाका मारल्या. आपले गाडीवाले काका लॉजच्या चादरी घेऊन नुकतेच आले होते. त्यांनी तिला उचललं, त्याच गाठोड्यांवर टेकवलं आणि गाडी सरळ दवाखान्यात. काका वाटभर तिला सांगत होते, "पोरी, माझ्या गाडीत आजपर्यंत कुणी मेलेलं नाही, तू रेकॉर्ड मोडू नकोस." त्यातही ती हसली, बघ.

डॉक्टरांनी छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली, रक्त तपासलं. काहीही नाही. म्हणाले, काळीज घोड्यासारखं धडधाकट आहे, हा भीतीचा झटका होता. मग त्यांनी तिला विचारलं, असं आधी कधी झालं होतं का? आणि तुझी लेक शांतपणे म्हणाली, "लहानपणी रोज सकाळी व्हायचं."

रोज सकाळी. मी तिथे उभी होते. मला माहीत नव्हतं. तुला होतं.

घरी आल्यावर मी एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो. मोठी चादर दोघींनी दोन टोकं धरून ताणायची, मग पुढे यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे. त्या कामात एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल, ती आपणहून बोलायला लागली. तिचेच शब्द लिहिते, मी मीठमिरची लावलेली नाही.

"मी दुसरीत होते. शाळेत जायच्या आधी पोटात गोळा यायचा. हात गार पडायचे. का ते मला माहीत नव्हतं, कुणी मारत नव्हतं, बाई चांगल्या होत्या. बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, भीती पायांतून बाहेर पडते, चल, मैदानाला दोन फेऱ्या मार. मी मारल्या. पळाल्यावर छाती आणखी धडधडायची. मला वाटलं, भीती वाढली. परत सांगितलं तर बाबांनी आणखी दोन फेऱ्या लावल्या. खाल्लेलं असलं की उलटी व्हायची, म्हणून सकाळचं खाणं सोडलं. मग सांगणंच सोडलं."

कळलं का तुला? पळाल्यावर छाती धडधडते ती आणि भीतीने धडधडते ती, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या पोरीला कुणी कधी सांगितलंच नाही. तिच्या लेखी ती एकच. म्हणून ती जिना चढत नाही. म्हणून भरभर चालत नाही. खेळात छाती धडधडते, म्हणून खेळ सोडला. तू त्याला आळस म्हणतोस!

डॉक्टरांनी पुढच्याच गल्लीतल्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तरुण आहे, तुझ्यापेक्षा लहान, पण घाई नाही तिला. ती म्हणाली, लहानपणीच्या भीतीकडे कुणी बघितलं नाही, तर ती जात नाही, मोठेपणी सवयींचे कपडे घालून येते. कुणाची झोप उडते, कुणी खाणं सोडतं किंवा खातच सुटतं, कुणी घराबाहेर पडत नाही, कुणी धूर ओढतं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, तिने बजावून सांगितलं, आणि प्रत्येक झोपाळू पोर घाबरलेलं नसतं. पण ह्या पोरीचं तसं झालंय. तुम्ही सवयीच उपटत बसलात तर मूळ आत तसंच राहील. मी मनात म्हटलं, आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

सिगारेटचंही विचारलं मी, तोंडावर. म्हणाली, "ओढताना श्वास हळू सोडता येतो, तेवढंच." शाबासकी दिली नाही हं मी. पाकीट कचऱ्यात गेलं. पण हळू श्वास सोडायला धूर लागत नाही, एवढं ती बाईंकडून शिकतेय.

आता बोल. अजून तारीख ठरलेलीच आहे का?

ताई

२२ मे

टिल्लू,

"सोळाव्या वर्षी सगळ्यांनाच नाटकं सुचतात. आम्हाला नाही कुणी बायांकडे नेलं. मी तसाच घडलो."

हे तू लिहिलंस. तू! मला! अरे, कुणाला सांगतोस? मी तुला घडताना बघितलंय.

शाळेच्या मागच्या पाण्याच्या टाकीपाशी रोज सकाळी ओकणारा मुलगा कोण होता रे? घरी अण्णांना कळलं तर फोडून काढतील म्हणून शाळेच्या नळावर तुझा शर्ट धुऊन कुंपणावर वाळत कोण घालायचं? तू नऊ वर्षांचा होतास आणि परीक्षेच्या दिवशी तुझे दात वाजायचे. अण्णा म्हणायचे, "बायकांसारखा रडतोस काय, पळ." तू पळालास. इतका पळालास की जिंकायला लागलास. आणि जिंकणाऱ्याला कोण विचारतं, तुला नीट झोप लागते का? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लास आणि त्याला घडणं म्हणतोस.

घडलास, मान्य आहे. पण आरसा बघ एकदा. चारला उठतोस ते शिस्तीने नाही, तुला झोपच लागत नाही. सकाळी काही खात नाहीस, काळ्या कॉफीवर दुपारपर्यंत राहतोस. लग्नात, वाढदिवसात, कुठेही दहा मिनिटं बसत नाहीस, बसलास तर पाय हलत असतो. वहिनी मला म्हणाली होती, "ताई, हे घरात पण धावपट्टीवर असल्यासारखे असतात." तू खात नाहीस ती शिस्त आणि पोर खात नाही तो माज? तुला झोप नाही ती मेहनत आणि तिला झोप नाही तो मोबाईल? वा रे न्याय! एकाच भीतीची दोन पोरं आहात तुम्ही, टिल्लू. तुझी भीती पळत सुटली म्हणून तुला पदकं मिळाली. तिची भीती घरात दडून बसली म्हणून तिला शिव्या.

आणि लक्षात ठेव, हे मी तुला दुखवायला लिहीत नाहीये. नाही, थोडं दुखवायलाच लिहितेय. तुला दुखल्याशिवाय ऐकू येत नाही.

इथे काय चाललंय ते सांगते. चमत्कार वगैरे काही नाही, उगाच हवेत जाऊ नकोस. उठते अजून साडेदहालाच. मोबाईल अजून हातात असतोच. पण आता दुकानात उतरली की धुतलेल्या कपड्यांच्या टोपल्यांमध्ये बसून अंडं आणि पाव खाते. कुणी "खा" म्हणायचं नाही, ही तिची अट. मी ओठ शिवून बसते. मला किती जड जातं ते तू समजू शकतोस.

बाईंनी तिला एक अभ्यास दिलाय. रोज दुपारी जिन्याचा एक मजला चढायचा, जरा भरभर, आणि वर उभं राहायचं. छाती धडधडू द्यायची. पळून जायचं नाही, मोबाईल काढायचा नाही. फक्त उभं राहायचं आणि ती आपोआप खाली येते का ते बघायचं. एकटीने नको म्हणाली, मग आत्या आहेच मरायला. पहिल्या दिवशी तिची धडधड थांबली तरी माझी थांबेना. जिन्यात मीच बसले फतकल मारून आणि ती मला वारा घालतेय! म्हणते, "आत्या, घाबरू नकोस, हे नुसतं चढल्यामुळे झालंय." म्हटलं, आज गुरू कोण आणि चेला कोण, आधी ठरवा. गाडीवाले काका खालून बघून म्हणतात, आता दोघींना न्यायला मोठी गाडी आणावी लागेल.

काल ती तशीच भरभर दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. तिच्या मनाने, माझ्या नाही. वर उभी राहून ती रडत होती. मी विचारलं, भीती वाटतेय? म्हणाली, "नाही. राग येतोय." मी म्हटलं, येऊ दे, बाई, रागाला इथे मज्जाव नाही.

आणि ह्या पोरीला तू उचलून तुझ्या केंद्रात नेणार. पहाटे भोंगा, मैदान, फेऱ्या, जेवणाच्या रांगेत वजनाचा काटा. जे करून ती मोडली तेच आता पन्नास पोरांदेखत करणार. चार आठवड्यांत ती तुझ्यासमोर ताठ उभी राहील, तुला वाटेल सुधारली, आणि ती पुन्हा बोलायची बंद झालेली असेल. ह्या वेळी बंद झाली तर परत उघडेल की नाही, मला खात्री नाही. मला तीच एक भीती आहे.

तू बाप आहेस, हक्क तुझा आहे, हे तू लिहिलंस. असेल. कायद्याने असेल. मग पोलीस घेऊन ये. मी दारात उभी राहीन आणि हातात जे असेल ते, म्हणजे बहुतेक ओली चादर, घेऊन उभी राहीन. बहिणीला चोर म्हणून धरून देणारा कोच म्हणून तुझं नाव होईल, ते चालत असेल तर खुशाल ये.

ताई

२ जून

टिल्लू,

तू परवा निरोप न घेता गेलास, म्हणून लिहितेय. चहा तसाच राहिला तुझा, मीच प्यायले.

मला वाटलं होतं तू ओरडशील. मी तयारीतच होते, सकाळपासून मनात वाक्यं घोटत होते. तू आलास, तुला बघून गाडीवाले काका गाठोडी उचलायची सोडून तिथेच खोळंबले, आणि तू मला बाजूला करून तिला म्हणालास, "बॅग भर. हे सगळं आत्याने तुझ्या डोक्यात भरवलंय. तुला पळायला आवडायचं. तू हसत पळायचीस, मला अजून डोळ्यांसमोर आहे."

मी तोंड उघडलं होतं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. इस्त्रीच्या रोलरवरची चादर तिने आधी पुरी बाहेर येऊ दिली, यंत्र बंद केलं, मग तुझ्यासमोर येऊन उभी राहिली.  आवाज जराही कापला नाही, तूही ऐकलास.

"बाबा, मी हसायचे, कारण हसले की तुम्ही लवकर थांबवायचात."

बस्स. महिनाभर मी पानंच्या पानं काळी करत होते, आणि पोरीने एका वाक्यात तुला टोपलीवर बसवलं. तू खरंच बसलास. मी तुला इतका वेळ पाय न हलवता बसलेला आजवर बघितला नव्हता.

मग तू विचारलंस, "मी काय करायला हवं होतं?" मला विचारलंस की तिला, कळलं नाही. उत्तर तिने दिलं. "शाळेच्या फाटकापर्यंत हात धरून यायचं होतं." एवढंच हवं होतं तिला. आणि तू उठलास, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलास, ती मागे सरली, आणि तू निघून गेलास. एकटा गेलास, हे मी बघितलं. त्याबद्दल तुझे आभार मानू का? नाही मानणार. ते तुझं कर्तव्यच होतं. पण तू गेल्यावर मी वर जाऊन रडले, हे सांगून टाकते. तुझ्यासाठी रडले, मूर्खा. त्या टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या पोराचा हात धरायलाही कुणी आलं नव्हतं.

आता मी लिहिलेल्या एकाही शब्दाची माफी मागणार नाही, वाट बघू नकोस. भिंगरी इथेच राहणार. इथल्या शाळेत नाव घालायचं तिने ठरवलंय, सही तुझी लागेल. सही पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. तिने मागे सरकून तुला नाही म्हटलंय, कायमचं नाही म्हटलेलं नाही, एवढा फरक मला कळतो.

म्हणून माझं ऐक, आणि एकदा तरी मध्ये तोडू नकोस. रविवारी ये. वर येऊ नकोस, खाली रस्त्यावर उभा राहा. ती खाली आली तर तिच्या चालीने चाल, पुढे जाऊ नकोस, काही शिकवू नकोस. ती नाही आली तर हाका मारू नकोस, चुपचाप परत जा. आणि पुढच्या रविवारी पुन्हा ये. तेव्हाही नाही आली तर त्याच्या पुढच्या. केंद्रातल्या मुलांना तू काय सांगतोस रे, पहिल्याच दिवशी कुणाला जमतं का?

तुझी ताई